हवेची टाकी आणि दाजींची लाल गाडी

मी बावीस वर्षं फौजेत काढली, पण दुश्मनाचा राग मला कधी आला नाही. दुश्मन मला दिसलाच नाही. मी वर्कशॉपमध्ये फौजेच्या गाड्यांना रंग मारत होतो. राग काय चीज असते ते मला पेन्शनीत निघाल्यावर कळलं, नोएडात, साडूच्या वास्तुशांतीला, हातात जिलबी असताना.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बायको त्यांना दाजी म्हणायची, म्हणून मीही दाजीच म्हणायचो. आम्ही दोघं साताऱ्याकडचेच. मी दहावी करून भरती झालो, ते इंजिनिअर होऊन दिल्लीला आले. तेव्हा देशात बाहेरच्या कंपन्यांची नुसती रीघ लागली होती. नोएडात कालपर्यंत जिथे सरसोंचं शेत होतं तिथे आज फाटक, आणि फाटकामागे काचेची इमारत. अशाच एका टेलिफोन बनवणाऱ्या कंपनीत दाजी खरेदीचे मॅनेजर झाले. बघता बघता त्यांचं दुमजली घर उठलं, दारात नवी कोरी लाल गाडी आली. मी त्यांच्यापासून चार सेक्टर लांब दोन खोल्यांचं घर घेतलं होतं, पुढे जरासं अंगण. पोरांच्या शाळा इथल्या, त्यामुळे गावी परतायचा विषयच नव्हता.

तर पंगत बसली होती. दाजी जिलबीचं ताट घेऊन वाढत फिरत होते. माझ्यापाशी थांबले आणि चार घरं ऐकतील अशा आवाजात म्हणाले, "फौजी, तुझं काम केलंय बरं का! आमच्या कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीत जागा आहे. पहिल्या तारखेपासून ये. युनिफॉर्मसुद्धा फुकट, बिल्कुल टेन्शन नाही."

"सवयीचंच काम की," मेव्हणी, आमची आक्का, पलीकडून म्हणाली. "सलाम ठोकायचा आणि दांडा वर करायचा."

पंगत हसली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

गेटवर उभं राहण्यात कमीपणा आहे असं मी म्हणत नाही. माझ्या बरोबरीचे निम्मे फौजी तेच करत होते, आणि मान वर करून करत होते. पण त्या गेटातून रोज सकाळी गाडी कोणाची आत जाणार होती? साडूची. ज्याच्या मांडीला मांडी लावून लग्नात जेवलो त्याला रोज सलाम ठोकायचा, आणि त्याने तो घ्यायचा. मेलो तरी नाही, असं मी मनात म्हटलं. मोठ्याने म्हणालो, "दाजी, मी घरीच वर्कशॉप टाकतोय. गाड्या रंगवायचं."

"अच्छा! म्हणजे पंक्चरचं दुकान," दाजी म्हणाले, आणि पंगत पुन्हा हसली.

घरी आल्यावर बायकोने अंगावरची शाल काढून खुंटीला टांगावी तसा विषय एका झटक्यात संपवला. "सहा महिने देते तुम्हाला. सहा महिन्यांत वर्कशॉप चाललं तर चाललं. नाहीतर मुकाट्याने गेटवर जायचं. पोरांच्या पोटाला तुमचा ताठा नाही घालता येत."

ती चुकीचं बोलली नाही. मी अंगणात पत्र्याची शेड टाकली, भिंतीला ट्यूबलाइट लावली, आणि हवेच्या मागे लागलो.

गाडी रंगवणं म्हणजे लोकांना वाटतं सगळी करामत हातातल्या स्प्रे गनची. गन काय, ती कुणीही विकत घेतं. खरं काम हवेचं. कंप्रेसर टाकीत हवा दाबून भरतो, ती नळीतून गनला जाते आणि रंगाचं धुकं करून पत्र्यावर बसवते. हवा जोरात आली पाहिजे हे सगळ्यांना कळतं. ती पुरली पाहिजे, हे फक्त रंगवणाऱ्याला कळतं. दरवाजा अर्धा झाला आणि हवा दमली की धुक्याचे थेंब होतात, आणि पत्रा संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत सुकतो. फौजेत आमच्याकडे माणूसभर लांबीची टाकी होती. रोज सकाळी पहिलं काम म्हणजे तिच्या तळाची तोटी उघडून आत साठलेलं पाणी सोडायचं. पाणी सोडल्याशिवाय उस्ताद चहासुद्धा पिऊ द्यायचा नाही. बावीस वर्षं मी त्या टाकीबरोबर काढली. कंप्रेसर कसा निवडायचा हे मला शिकवायची गरज नव्हती.

पण बायकोने आक्काला सांगितलं, आक्काने दाजींना, आणि रविवारी सकाळी दाजी रंगीत पुस्तिका घेऊन हजर. "खरेदी हा माझा विषय आहे, फौजी. वर्षाला अख्ख्या फॅक्टरीचा माल मी घेतो. तू एकटा गेलास तर कुणीतरी लोहा-लक्कड गळ्यात मारेल." मला लाल गाडीत मागे बसवलं, पुढे पुस्तिका ठेवली, आणि दिल्लीत एका एसी शोरूममध्ये नेलं.

तिथे ती पेटी होती. परदेशी. पंप, मोटर, टाकी सगळं एकाच्या अंगावर एक, वर पकडायला दांडी, खाली दोन चाकं, प्रवासाच्या बॅगेसारखी. ना पट्टा, ना तेल. रंग पिवळाधमक. शोरूमचा टाय लावलेला माणूस इंग्रजीत बोलत होता, दाजी इंग्रजीत मान हलवत होते. हॉर्सपॉवर मोठ्या अक्षरात, प्रेशर त्याहून मोठ्या अक्षरात. मी पुस्तिका उलटी करून शेवटचं पान बघितलं. तिथे अगदी बारीक टाइपात लिहिलं होतं की ही पेटी मिनिटाला हवा किती देते. तो आकडा बघून मला हसूच आलं. तेवढ्या हवेत सायकलची चाकं भरली असती, फार तर स्कूटरचं मडगार्ड रंगलं असतं. बडा घर पोकळ वासा!

आता मी तोंड उघडायला हवं होतं. दुकानात आम्ही तिघंच होतो, कोणी माझा गळा धरला नव्हता. "दाजी, हिची हवा पुरणार नाही," एवढं एक वाक्य. पण दाजी वळले, हातात कागद, डोळ्यांवर चष्मा, आणि साहेबाच्या इंग्रजीत म्हणाले, "दिस इज द वन. फायनल. ठीक?" आणि माझ्या तोंडून निघालं, "ठीक."

बावीस वर्षांची सवय. हातात कागद आणि तोंडात इंग्रजी असलेला माणूस जे म्हणेल त्याला येस सर म्हणायचं, मग तो जीपला निळा रंग मार म्हणो. ही चूक शहरातल्या कुठल्याही मेकॅनिकने केली नसती. तो भांडला असता, निदान पाय आपटत बाहेर पडला असता. ही चूक फक्त फौजी करू शकतो, आणि मी केली.

पहिलं काम आलं समोरच्या सरदारजींचं. त्यांच्या पांढऱ्या गाडीचं बॉनेट. भला माणूस, विश्वासाने दिलं. अर्ध्या बॉनेटपर्यंत लोण्यासारखा हात चालला. मग प्रेशरचा काटा खाली यायला लागला, पेटी किंचाळत धडधडत होती आणि तिला दम काही धरवेना. हवा भरायला थांबलो तोवर कड सुकली. पुन्हा मारला तर जोड दिसायला लागला. तीनदा घासून तीनदा मारला. सरदारजी म्हणाले, "कोई गल नहीं, फौजी साब," आणि पुढच्या आठवड्यात गाडी दुसरीकडून करून आणली. ते कुणाला काही बोलले नाहीत. पण बॉनेट बोललं ना! सेक्टरभर झालं की फौजीला जमत नाही. दोन महिने शेडमध्ये कुत्रं फिरकलं नाही.

दाजी येऊन बघून गेले. पेटीवर टिचकी मारली आणि म्हणाले, "मशीन एकदम फर्स्ट क्लास आहे. हात बसायला वेळ लागतो, यार."

हात! माझा हात! मी दात-ओठ खात उभा राहिलो.

सहा महिने संपले. बायकोने डबा भरून ठेवला. मी गेटवर गेलो.

पहिल्या दिवशी लाल गाडी आली तेव्हा मी सवयीने म्हणालो, "नमस्ते, दाजी." सुपरवायझर माझ्यावर धावून आला. त्या रविवारी दाजी घरी आले आणि शिरा खाता खाता समजावणीच्या सुरात म्हणाले, "गेटवर नातं नको आणूस, फौजी. तिथे सर म्हण. माझीही पोझिशन आहे ना."

"बरं," मी म्हणालो.

सात महिने मी सर म्हणालो. सकाळी नऊला दांडा वर, हात कपाळाला, "गुड मॉर्निंग, सर." दाजी स्टिअरिंगवरचा हात न काढता दोन बोटं उचलायचे. मी ती दोन बोटं मोजत नव्हतो, पण विसरलोही नाही. गेटवर माणसाला दुसरं काही करायला नसतं, तो बघत राहतो. मी गाडी बघत राहिलो. ऑफिसरांच्या गाड्या पश्चिमेच्या भिंतीला उघड्यावर लागायच्या, आणि दुपारनंतरचं सगळं ऊन त्या लाल गाडीच्या डाव्या अंगावर. लाल रंग उन्हाला सर्वांत आधी शरण जातो. नवी होती तेव्हा कुंकवासारखी होती. सात महिन्यांतच टपावर ते तेज राहिलं नव्हतं. कुणालाच ते दिसत नव्हतं. मला दिसत होतं.

मग संक्रांत आली. दाजी आणि आक्का संध्याकाळी आमच्याकडे आले, बायकोने तिळगूळ दिला, दाजींनी माझ्या हातावर वडी ठेवून मला मिठी मारली. "गोड बोल रे, फौजी." दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या गाडीत बाहेरचा पाहुणा होता, गोरा, कंपनीच्या भागीदारांपैकी. मी सलाम केला. तो कडक सलाम बघून पाहुण्याने काहीतरी विचारलं. काच खाली होती, मला सगळं ऐकू आलं. दाजी म्हणाले, "एक्स आर्मी. गुड मॅन. अवर गेट मॅन." आणि गाडी आत गेली.

अवर गेट मॅन! आदल्या संध्याकाळचा तीळ अजून माझ्या दाढेत होता.

घरी जाऊन बायकोला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. लाटणं खाली ठेवलं आणि माझ्यावरच कडाडली, "पेटी घेताना तोंड शिवलं होतं का तुमचं? तुम्हाला हवेतलं कळतं ना? मग?" मग पुन्हा लाटणं उचलत म्हणाली, "सोडा ते गेट. आणि या खेपेला मशीन आणायला एकटे जा. कुणालाही सांगू नका. मलासुद्धा नको सांगायला, मी आक्काला सांगून बसेन."

पेटी मी दादरी रोडवरच्या पंक्चरवाल्याला देऊन टाकली. त्याला ती देवासारखी वाटली. दाजींनी माझ्या दुकानाला पंक्चरचं म्हटलं होतं ना, ते बरोबरच होतं, त्यांनी मशीन त्याचंच निवडलं होतं.

मग मी गाझियाबादला गेलो. तिथे गल्लीबोळात टाक्या बनतात, वेल्डिंगच्या ठिणग्या रस्त्यावर येतात. मी माझी गन कापडात गुंडाळून काखेत नेली होती. तीन दुकानं नुसती ऐकूनच सोडली. हो, ऐकून. पंप चालू केला की वाटीत खडे घालून हलवावेत असा आवाज आला की समजायचं, बेअरिंग ढिलं. चौथं दुकान एका म्हाताऱ्या लालाचं. बिडाचा दोन सिलिंडरचा पंप, पट्ट्यावर चालणारा, खाली जाड पत्र्याची आडवी टाकी. दिसायला म्हैस. रंग कुठला, नुसता लाल ऑक्साइड.

"घर में सिंगल फेज है," मी म्हणालो. "गर्मी में वोल्टेज गिरता है."

"तो मोटर छोटी लो, पुली बड़ी," लाला म्हणाला. "धीरे चलेगा, ठंडा चलेगा. शोर भी कम. मगर दिखने में शान नहीं है, बता देता हूँ."

"शान बहुत देख ली, लालाजी," मी म्हणालो.

सगळ्या जोडांना साबणाचं पाणी लावलं, एकही बुडबुडा नाही. टाकी भरली, तोट्या बंद करून अर्धा तास काट्याकडे बघत बसलो, काटा हलला नाही. मग माझी गन जोडली आणि एक अख्खा दरवाजा रंगवायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ घोडा दाबून हवेतच हात फिरवला. काटा थोडा खाली आला, पंप सुरू झाला, आणि काटा तिथेच थांबला. पुरत होती. हवा पुरत होती! शेवटी मी गुडघ्यावर बसून तळाची तोटी उघडली. लाला हसला. "चालीस साल में पहला ग्राहक है जो अपनी गन लाया और पहले पानी देखा. फौजी हो?"

"था," मी म्हणालो.

त्या म्हशीने माझं नाव परत आणलं. सरदारजींना बोलावून बॉनेट फुकट करून देतो म्हटलं. ते म्हणाले बॉनेट नाही, आता अख्खी गाडीच कर. त्या गाडीनंतर मला गिऱ्हाईक बोलवावं लागलं नाही. गेटची वर्दी मी धुऊन, इस्त्री करून परत केली. पण एक गोष्ट परत केली नाही. दाजींना मी सर म्हणतच राहिलो. नात्यातल्या बारशाला सर, गणपतीच्या आरतीला सर, सगळ्यांसमोर. "अरे आता काय सर?" ते हसून म्हणायचे, पण त्यांचा चेहरा पडायचा. मला फार बरं वाटायचं.

आणि मी वाट बघत होतो. कशाची ते मला नीट माहीत नव्हतं, पण एक दिवस ती लाल गाडी माझ्या शेडमध्ये येणार याची मला खात्री होती.

तीन वर्षं लागली. एका शुक्रवारी सकाळी आली. सळया लादलेल्या हातगाडीने तिची डावी बाजू ओरबाडली होती, पुढचा आणि मागचा, दोन्ही दरवाजे. दाजी घाईत होते. सोमवारी कंपनीचा सर्वांत मोठा परदेशी साहेब येणार, त्याला विमानतळावरून दाजी स्वतः आणणार. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने दहा दिवस सांगितले होते.

"रविवारपर्यंत झालं पाहिजे, फौजी. आणि ऐक." त्यांनी खिशातून कागद काढला. "हा गाडीच्या रंगाचा कोड. कंपनीचा. याच नंबरचा डबा आणायचा, जसाच्या तसा मारायचा. त्यात तुझं काही मिसळायचं नाही. तुझी अक्कल चालवू नकोस. ही काही फौजेची जीप नाही, हिरवा फासला की झालं."

मी गाडीकडे बघितलं. चार वर्षांचं ऊन खाऊन तिचा लाल पार गाजरी झाला होता. त्या कोडचा रंग म्हणजे कारखान्यातून निघाली तेव्हाचा रंग. जुन्या गाडीचा एखादाच भाग रंगवताना कुणीही जाणता माणूस डब्यात चिमूटभर पांढरा, थेंबभर पिवळा घालून तो गाडीच्या रंगावर उतरवून घेतो. अर्ध्या तासाचं काम. नाहीतर नवा भाग उन्हात बोंब मारतो. हे दाजींना माहीत नव्हतं. माझ्या जिभेवर आलं होतं. मी जीभ टाळ्याला लावून धरली.

"कोडप्रमाणेच ना, सर?"

"कोडप्रमाणेच. फायनल."

"येस सर," मी म्हणालो, आणि टाचा जुळवल्या.

ते दोन दरवाजे मी जसे केले तसे आयुष्यात काही केलं नाही. पत्रा ठोकून सरळ केला, पुट्टी लावली, चार वेळा पाण्याच्या कागदाने, म्हणजे ओल्या पॉलिशपेपरने, घासला. सकाळी टाकीचं पाणी सोडलं, म्हैस संथ चालू झाली, हवा पुरत होती, आणि रंग असा बसला की त्यात माझ्या मिशांचे केस मोजता यावेत. बायको दारात येऊन उभी राहिली. तिने दरवाजे बघितले, मग गाडीचा टप बघितला, मग माझं तोंड बघितलं. आत गेली आणि शिरा केला, बदाम घालून.

रविवारी दिवेलागणीला दाजी आले. ट्यूबलाइटखाली सगळं एकच दिसतं. त्यांनी बोट फिरवलं, म्हणाले, "वा! बघ, नियमाने केलं की होतं." आणि घेऊन गेले.

सोमवारी लख्ख ऊन पडलं होतं. मी अंगणात खुर्ची टाकून बसलो आणि ते ऊन बघत राहिलो. विमानतळाच्या मोकळ्या पार्किंगमध्ये काय झालं असेल ते मला दिसत होतं: गाजरी गाडी, आणि तिला कुंकवाचे दोन दरवाजे, नेमके ज्या बाजूने साहेब चढणार त्या बाजूला. मंगळवारी सकाळी दाजी आलेच. सेक्टर गोळा होईल असे ओरडले. "दोन रंगाची करून ठेवलीस! साहेब विचारत होता, टॅक्सी आहे का म्हणून!"

मी शांतपणे रिकामा डबा आणून त्यांच्या हातात दिला. शेजारी त्यांचाच कागद. "नंबर जुळवून बघा, सर."

जुळला. पुन्हा माझ्याकडे रंगवून घ्यायला त्यांचा मान आडवा आला, दुसरीकडे न्यायला हात आखडला. गाडी तशीच फिरत राहिली. आणि गंमत बघा, जो तो विचारायचा, "वो दो दरवाज़े किसने किए?" दाजींना माझं नाव सांगावं लागायचं. निम्मं नोएडा त्या दोन दरवाज्यांनी माझ्या शेडमध्ये आणलं. सूड घेतल्यावर पश्चात्ताप होतो म्हणतात. मला नाही झाला. मी दर संक्रांतीला तिळगूळ द्यायला जायचो तो दारातली गाडी बघायला.

दोन वर्षांनी ती पुन्हा आली. मधल्या काळात परदेशी भागीदार आपलं भांडवल घेऊन निघून गेला होता, आणि कंपनीने दाजींसारख्या बऱ्याच जणांना स्वेच्छेने निवृत्त केलं होतं. स्वेच्छा कंपनीची. दाजी आता गाडी विकायला निघाले होते. जो येई तो दरवाजे बघून म्हणे, "ठोकी हुई है," आणि चालू पडे.

"एकसारखी करून दे," दाजी म्हणाले. या खेपेला कागद नव्हता. चष्मासुद्धा खिशात होता.

"अख्खी रंगवायची की नुसते दरवाजे बाकीच्या गाडीला जुळवायचे?"

"कमीत कमी काय होईल ते कर."

मी त्यांच्या हातात पाण्याचा कागद दिला आणि दरवाजे घासायला बसवलं. हो, बसवलं. मॅनेजर उकिडवे बसून माझे आयुष्यातले सर्वांत चांगले दोन दरवाजे घासत होते आणि लाल पाणी त्यांच्या मनगटावरून ओघळत होतं. तोवर मी डबा घेतला. चिमूटभर पांढरा, थेंबभर पिवळा, ढवळलं, पत्र्याच्या तुकड्यावर मारलं, उन्हात नेऊन टपाशेजारी धरलं. अजून एक थेंब. जुळला. दाजी घासायचे थांबून बघत होते.

"एवढंच?" ते म्हणाले.

"एवढंच."

"हे तेव्हाही करता आलं असतं?"

"अर्ध्या तासात."

"मग केलं का नाहीस?"

या प्रश्नाची मी दोन वर्षं वाट बघितली होती. उत्तर पाठ होतं. "हुकूम नव्हता, सर."

मला वाटलं ते चिडतील. ते चिडले नाहीत. ओल्या हाताने कपाळ पुसलं, कपाळाला लाल रंग लागला. कोपऱ्यातल्या कंप्रेसरकडे बघत म्हणाले, "आणि ती पिवळी पेटी? ती चालणार नाही हेही तुला दुकानातच कळलं होतं?"

हे मला कुणी विचारेल असं वाटलं नव्हतं. बायको चहा घेऊन दारात आली होती, तीही थांबली. खोटं बोलता आलं असतं.

"शेवटच्या पानावर लिहिलं होतं," मी म्हणालो.

"अरे, मग बोलायचंस की!" दाजी म्हणाले. "मला खरंच वाटलं होतं की भारीतली आहे. एक शब्द बोलला असतास तर तू गेटवर आलाच नसतास. मला काय हौस होती का तुझे सलाम घ्यायची?"

हौस होती. मी दोन बोटं बघितली होती, काच खाली असताना ऐकलं होतं. तो राग माझा आहे आणि तो मी कुणाला देणार नाही. पण त्या एसी शोरूममध्ये माझं तोंड दाजींनी शिवलं नव्हतं. ते त्यांच्यावर टाकायचं म्हटलं तर टाकता येईना.

मी गन हातात घेतली आणि दरवाज्यांवर पहिला हात मारला. ते कुंकू बघता बघता गाजरी झालं. दाजी शेजारी नळी धरून उभे होते, कुठे अडकू नये म्हणून मी न सांगता उचलून धरत होते.

"आता तरी सर म्हणू नकोस रे," ते म्हणाले. "दाजी म्हण."

मी दुसरा दरवाजा पूर्ण केला. कड संपेपर्यंत हवा पुरली.

"बरं, सर," मी म्हणालो.